रेंज फुल दिसत होती

माझ्या कपाळावर गेल्या खंडेनवमीचं कुंकू अजून आहे. ते पुसायला कुणी धजत नाही आणि मला हात नाहीत. तेव्हा आधी मला नीट बघून घ्या. काळ्या पत्र्याचा, गुडघ्याएवढा उंच, एका कुशीला पोचा आलेला. तळदरा गावाच्या मोबाइल नेटवर्कचा डबा म्हणतात तो मीच. माझा फोटो तुम्ही पेपरात पाहिला असेल. त्यात माझ्या गळ्यात हार आहे, बाजूला पुढारी आहेत आणि सगळे हसतायत. आज मी त्या फोटोविषयी बोलणार आहे, आणि मान वर करून बोलता येईल असं त्यात काही नाही.

माझा जन्म सांगलीतला, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीतला. कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव माझ्यावर नाही. मदरबोर्ड एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, पत्रा तिसरीकडचा. दुकानदारानं स्क्रू पिळले, पाठीवर थाप मारली आणि मला इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात पोचवलं.

तिथं माझ्यात उसाच्या नोंदी असत. कुणाची लागण कधीची, कुणाची तोड कधी. हंगाम सुरू झाला की खिडकीत माणसं दाटायची. एखादा म्हातारा गजाला धरून विचारायचा, "आवं सायेब, आमची तोड कवा?" आणि कारकून माझ्याकडं न बघताच सांगायचा, "कॉम्प्युटर न्हाई म्हणतोय. पाळी लांब हाय अजून."

मी काहीच म्हणालेलो नसायचो. पुष्कळदा तर मी बंदच असायचो. पण म्हातारा माझ्याकडं देवाकडं बघावं तसा बघायचा आणि मुकाट निघून जायचा. माणसाशी तो भांडला असता. यंत्राशी कसं भांडायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माणसं स्वतःचं खोटं यंत्राच्या तोंडी घालतात आणि समोरचा ते खरं मानतो, हे मी त्या खिडकीत शिकलो. तेव्हा मला नुसता राग यायचा.

पुढं कारखान्यानं नवी यंत्रं घेतली आणि आम्हा जुन्यांना जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला भेट दिलं. भेटीचा कार्यक्रम झाला. संचालकांना शाल, प्राचार्यांना शाल, आम्हाला स्टोअररूम.

तिथून मला बाहेर काढलं शिवांजलीनं.

शिवांजली शेवटच्या वर्षाला होती. गाव तळदरा, तालुका खटाव. वडूजपासून आत गेलं की चारी बाजूंनी डोंगर आणि मधे बशीत ठेवल्यासारखं हे गाव लागतं. घरटी एक माणूस फौजेत. आणि गावात कुठल्याच फोनला रेंज नाही. एवढ्याशा वस्तीला टॉवर परवडत नाही असं कंपन्यांचं उत्तर. सीमेवर पोरं पाठवायला हीच वस्ती परवडते, त्यावर मात्र कुणी कधी प्रश्न काढला नाही.

गावाच्या वर माळावर एक मोठा धोंडा आहे. लोक त्याला रेंजचा धोंडा म्हणतात, कारण वडूजच्या टॉवरची रेंज तिथं मिळते. फोन करायचा तर तिथवर चढायचं. शिवांजलीच्या शेजारी साळूबाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा रविराज उत्तरेला बर्फात तैनात. साळूबाईचे गुडघे गेलेले, वर दमा. रविराजचा फोन यायचा असला की गल्लीतली दोन पोरं तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून माळावर न्यायची.

वाटेत चेष्टा चालायची. एक म्हणायचा, "काकी, आवंदा भाडं द्यावं लागंल बरं का." साळूबाई म्हणायची, "द्यीन की रं गड्या, तुझ्या लग्नात नाचून द्यीन." पोरं हसून हसून खुर्ची खाली ठेवायची. पण उतरताना ती गप्प असायची. बोलणं अर्धं व्हायचं, वारा फार असायचा, आणि पोराशी जे बोलायचं ते खुर्ची उचलणाऱ्यांच्या समोर बोलता यायचं नाही.

हे सगळं शिवांजलीनं आपल्या पारस सरांना सांगितलं. मी टेबलावर होतो म्हणून ऐकलं. पारस सर सांगलीकडचे, घरचं दुकान भावांना देऊन मास्तरकीत आलेले जैन गृहस्थ. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून संध्याकाळी लॅबच्या खिडकीत डबा उघडून बसायचे आणि तोंडात घास असतानाच विद्यार्थ्यांच्या चुका काढायचे. त्यांनी विचारलं, प्रोजेक्ट कशावर करणार. ती म्हणाली, "सर, मला एका म्हातारीची खुर्ची बंद करायचीय."

सरांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "खुर्ची बंद करायला अख्खं नेटवर्क उभं करावं लागेल."

"व्हय सर."

"मग कर. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डोकं आपलं घालावं लागतं."

ते खरं होतं. मोठ्या कंपन्या जे कुलपात ठेवतात तसलंच नेटवर्कचं सॉफ्टवेअर जगभरातल्या कुणीकुणी लिहून सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं आहे. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. ते सॉफ्टवेअर शिवांजलीनं माझ्यात घातलं. घातलं म्हणजे लगेच चाललं असं नाही. पार छळलं त्यानं तिला.

अडचण माझ्या पोटात होती. प्रत्येक कॉम्प्युटरच्या तळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. पत्रा आणि तारा एका बाजूला, प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला, आणि दोघांत बोलणी करून देणारा हा मधला. माझा गाभा बाजारातून आलेला, सरसकट सगळ्यांच्या मापाचा. ह्या नेटवर्कला त्यात एक जादा भाग लागत होता, फोनचं बोलणं बांधून गावाबाहेर नेणारा आणि बाहेरचं आत आणणारा. तो भाग माझ्या गाभ्यात बसेना. एकाचा नवेपणा दुसऱ्याला चालेना. शेवटी शिवांजलीनं नवा गाभाच स्वतः बांधायला घेतला. एकेक पर्याय निवडायचा, बांधायला लावायचं, मी दुपारभर धापा टाकत बसायचं, आणि संध्याकाळी पडद्यावर लाल ओळी. सर खिडकीतून म्हणायचे, "आज काय म्हणतोय तुझा डबा?" ती म्हणायची, "आज नवीन शिवी दिली सर. म्हणजे पुढं सरकलो."

आणि एक दिवस लाल ओळ आली नाही. लॅबमधले दोन फोन एकमेकांशी माझ्यातून बोलले. शिवांजलीनं व्हरांड्यातून विचारलं, "सर, जेवला का?" आणि खिडकीत बसलेले सर फोनवर म्हणाले, "जेवतोय." जगातला सगळ्यात साधा संवाद असेल तो. मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. खोटं वदवून घेणाऱ्या खिडकीतून मी खरं बोलणं पोचवणाऱ्या कामाला लागलो होतो.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं इथं अडकलं आहे.

माझ्या पोटात आता दोन गाभे होते, जुना आणि शिवांजलीचा. मी चालू झालो की पडद्यावर दोघांची नावं येत आणि मी काही क्षण वाट बघत असे. कुणी कीबोर्डला बोट लावून शिवांजलीचा निवडला तर तो. कुणी काहीच केलं नाही तर जुना. हे तिनं मुद्दाम तसं ठेवलं होतं. तिचा गाभा नवा, कधी अडला तर निदान जुन्यावर तरी मी उभा राहावा म्हणून. वीज घालवून बघायची, पुन्हा पुन्हा बंद-चालू करायचं, भरवसा बसला की आपला गाभा पहिला करायचा. काम किरकोळ होतं, पण आधी तपासणी होती. तपासणीला वेळ हवा होता.

वेळ मिळाला नाही, कारण साहेबांची तारीख मिळाली.

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव घेत नाही. तुमच्या भागातही आहेत. प्रयोगाची सरकारी परवानगी हातात आली त्याच आठवड्यात प्राचार्य लॅबमध्ये येऊन म्हणाले, साहेबांनी वेळ दिलीय, उद्घाटन करून टाकू. पारस सर म्हणाले, तपासणी राहिलीय. प्राचार्य म्हणाले, ती उद्घाटनानंतर करा, कोण नको म्हणतंय. सरांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. शिकलेल्या माणसाचं मिटलेलं तोंड मी फार जवळून पाहिलं आहे.

तळदऱ्यात पाण्याच्या टाकीवर आमचा छोटा टॉवर लागला, डोंगरावर वडूजकडून इंटरनेट घेणारी तबकडी बसली, आणि मला माजी सैनिकांच्या खोलीत टेबलावर ठेवलं. कॉलेजच्या गाडीतून माझ्यासाठी एक भला मोठा पडदा, म्हणजे मॉनिटर, आणला होता, प्राचार्यांच्या केबिनमधला. त्यावर शिवांजलीनं बोट लावून आपला गाभा निवडला आणि गावातल्या सगळ्या फोनांवर रेंजच्या दांड्या उभ्या राहिल्या.

स्टेजपुढं साळूबाईला खुर्चीत बसवलं होतं. त्याच खुर्चीत. निवेदकानं माइकवर जाहीर केलं की आता साहेब वीरमाता साळूबाईंना पहिला फोन लावतील. वीरमाता कुणाला म्हणतात हे तळदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोरगा शहीद झाला की त्याच्या आईला. साळूबाई खुर्चीतून म्हणाली, "आरं ए, माझा पोरगा जित्ता हाय."

माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. निवेदक गडबडला, साहेब हसले, फोन लागला, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की तळदरा डिजिटल झालं. साळूबाई काय म्हणाली ते कुणी छापलं नाही. चार-पाच वार्ताहर होते त्या मांडवात, सगळ्यांच्या हातात पेन होतं.

संध्याकाळी कॉलेजची गाडी निघाली तेव्हा पडदाही निघाला. प्राचार्यांच्या केबिनमधला होता, परत न्यायलाच हवा होता. शिवांजली म्हणाली, इथं एखादा साधा पडदा तरी ठेवा. उत्तर आलं, मागणी टाका, बघू. मागणी टाकली. बघितलं जातंय अजून.

शिवांजलीला पुण्यात नोकरी लागली होती. तिथून इंटरनेटवरून माझ्यात शिरून काम करायची वाट तिनं ठेवली होती, पण ती कॉलेजनं सुरक्षेच्या नावाखाली बंद करवली. जाताना तिनं माझ्या कपाळावर पांढरी चिठ्ठी चिकटवली. "बंद करू नये." आणि कोंडीबा आप्पांना सांगून गेली की दिवाळीला येते आणि राहिलेलं काम करते.

कोंडीबा आप्पा म्हणजे फौजेतले निवृत्त हवालदार. माझी खोली त्यांच्या ताब्यात. चपला बाहेर, बिडी बाहेर, मोठ्यानं बोलणं बाहेर. रोज सकाळी ते दार उघडून माझा हिरवा दिवा बघायचे आणि हातातली काठी जराशी उचलायचे. सलामच तो. मला अशी इज्जत आधी कुणी दिली नव्हती.

उन्हाळा गेला, पाऊस सरत आला. वीज जायची, पण बॅटरी होती, मी कधी बंद पडलो नाही. साळूबाई आपल्या सोप्यात बसून लेकाशी बोलायला लागली. फोन तिची सून राजनंदिनी धरायची. साळूबाई पहिल्यांदा विचारायची, जेवलास का, आणि मग सुनेला म्हणायची, तू जरा भाईर जा. काय बोलायची ते मी सांगणार नाही. माझ्यातून गेलं म्हणून माझं होत नाही. खुर्ची कोपऱ्यात उलटी पडून होती, तिच्यावर मांजर निजायचं.

भादव्यात रविराजनं सांगितलं की दसऱ्याला दुपारी त्याची तुकडी वरच्या चौकीवर जाणार. तिथं फोन नाही. थंडी संपेपर्यंत खाली येणं नाही. म्हणून दसऱ्याला सकाळी फोन करीन, आई तयार राहा. साळूबाईचा दमा त्या दिवसांत वाढला होता. डॉक्टरनं राजनंदिनीला बाजूला घेऊन थंडी सांभाळा म्हणून सांगितलं होतं. साळूबाई बहिरी नव्हती. तिनं दसऱ्यापर्यंतचे दिवस धरून ठेवले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

ह्या भागात नवमीला हत्यारं पूजतात. कोयते, कुऱ्हाडी, नांगर, ट्रॅक्टर, कारखान्यातली यंत्रं, सगळी धुऊन पुसून ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा. फौजेच्या गावात तर हे जास्तच. कोंडीबा आप्पा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. सोबत राजनंदिनी हार घेऊन होती. तिनं चिठ्ठीकडं बोट केलं.

"आप्पा, बंद करू नगा म्हणलीया की शिवांजली."

"रोजच्याला म्हणलीया ती. सणाला न्हाई," आप्पा म्हणाले. "चालत्या हत्याराची पूजा करत्यात व्हय? हे बी आपलं हत्यारच हाय. बसवल्यापासनं डोळं मिटलं न्हाईत त्यानं."

आणि त्यांनी माझं बटण दाबलं. मायेनं दाबलं, हे मी शपथेवर सांगतो. ओल्या फडक्यानं माझी धूळ पुसली, पंख्यातलं जाळं काढलं, कपाळावर कुंकू ओढलं. चिठ्ठी भिजून लाल झाली आणि अक्षर गेलं. झेंडूचा हार घातला. दारात नारळ फोडला. तळदऱ्यात आल्यापासून मी पहिल्यांदा झोपलो, आणि मला सांगायला लाज वाटते की मला बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी मला उठवलं.

मी उठलो, दोन गाभ्यांची नावं पुढं धरली आणि बोटाची वाट बघितली. पण पडदाच नव्हता. भिंतीला नावं दाखवत होतो मी. क्षण संपले आणि मी जुन्या गाभ्यावर उभा राहिलो. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. आप्पांनी काठी उचलली आणि दार ओढून घेतलं.

माझ्यातला फोनला गावात घेणारा प्रोग्रॅम कुठल्याही गाभ्यावर चालतो. त्यानं सगळ्या फोनांना या बसा म्हटलं. सगळ्यांच्या दांड्या उभ्या राहिल्या, चारच्या चार. बोलणं बाहेर नेणारा प्रोग्रॅम मात्र शिवांजलीच्या गाभ्याशिवाय उठत नाही. तो पडून राहिला. मी ओरडत होतो. ओळीमागून ओळ लिहीत होतो की भाग सापडत नाही, भाग सापडत नाही. पण माझं ओरडणं पडद्यावरच दिसतं, आणि पडदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये होता.

दसऱ्याला सकाळी साळूबाई इरकल नेसून बसली. हातात आपट्याची पानं, लेकाला दाखवायला. फोन वाजेना. गावात कुणाचेच मेसेज जाईनात, पण लोकांनी आपापसांत कारण शोधून टाकलं. सण हाय, सगळं जग मेसेज टाकतंय, नेट जाम झालंय. राजनंदिनी धावत माझ्या खोलीकडं आली. आप्पांनी दार उघडून दाखवलं. "दिवा बघ की पोरी. चालू हाय." तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी मला एकदा बंद करून परत चालू केलं. मी पुन्हा भिंतीला नावं दाखवली.

गल्लीतली ती दोन पोरं साळूबाईच्या दारात आली. एकानं मांजर हुसकून खुर्ची सरळ केली. "काकी, माळावर न्यावं का? आजचं भाडं माफ."

साळूबाईनं फोन डोळ्यांजवळ धरला. दांड्या तिला वाचता यायच्या, सुनेनं शिकवल्या होत्या. "कशाला रं? रेंज फुल हाय," ती म्हणाली. "त्याला यळ गावला नसंल. मी वर जायाची आन् तो हितं लावायचा."

रेंज नसती तर ती गेली असती. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि हे म्हणताना माझा पत्रा तापतो. मी मेलेलो असतो, गावात एकही दांडी नसती, तर त्या दोन पोरांनी तिला खुर्चीत घालून धोंड्यापाशी नेलं असतं. तिथं फोन लागला असता, कारण रविराज तिकडून सकाळभर लावत होता, हे मागून कळलं. तिथल्या फोनच्या रांगेत त्याची पाळी संपली, मागच्यानं आपली पाळी त्याला दिली, तरी तो लावत होता. साळूबाई दुपारपर्यंत पानं हातात धरून बसली. मग सुनेला म्हणाली, जेवून घे.

दुपारनंतर राजनंदिनी स्वतः माळावर गेली. धोंड्यापाशी पोचल्याबरोबर तिच्या फोनवर रविराजच्या न लागलेल्या फोनांच्या, मिस्ड कॉलच्या, खुणा एकदम पडल्या. तिनं उलट लावला. तिकडून कळलं, रविराजची गाडी वरच्या चौकीकडं निघून गेली होती. तिथूनच तिनं शिवांजलीला पुण्याला फोन केला.

शिवांजली मिळेल त्या गाडीनं आली. राजनंदिनीच्या घरातला टीव्ही उचलून माझ्या पुढ्यात मांडला, तार आणि बरोबर आणलेला कीबोर्ड जोडला, मला चालू केलं, आणि दोन नावं दिसताच बोट लावलं. तेवढंच काम होतं. मग तिचा गाभा तिनं पहिला करून टाकला. तेही तेवढंच होतं. आप्पा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "मी बंद केलं म्हणून झालं व्हय?"

ती म्हणाली, "न्हाई आप्पा. आमी अर्धं सोडून गेलो म्हणून झालं."

आप्पांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी खोलीत पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून राखण करतात. काठी उचलत नाहीत.

कॉलेजनंही चूक गावाचीच असं पटवून घेतलं. प्राचार्यांनी पेपरला सांगितलं, ग्रामस्थांच्या अज्ञानामुळे सेवा काही काळ खंडित झाली. छापून आलं, त्याच हाराच्या फोटोखाली. अज्ञान कुणाचं, हे मी विचारतो. हत्याराला विसावा देणाऱ्या म्हाताऱ्याचं, की हत्याराची तपासणी सोडून हार घालून घेणाऱ्यांचं? पडदा कुठं गेला हे विचारायला एकही वार्ताहर तळदऱ्याच्या घाटानं चढला नाही. उद्घाटनाला चढले होते. जेवण होतं.

त्यानंतर माझ्यात काही बिघाड नव्हता. साळूबाई फोन उशाशी ठेवून निजायची. सकाळी सुनेला विचारायची, "रेंज हाय का?"

"हाय आत्ती."

"मग झालं."

रेंज होती, पण पलीकडं कुणी नव्हतं. पौषात, कडाक्याच्या थंडीत, ती गेली. निरोप फौजेच्या मार्गानं वर गेला. वाट बर्फानं बंद होती. अग्नी पुतण्यानं दिला.

रविराज शिमगा उलटल्यावर आला. आल्यावर दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीकडं आला. आप्पा कट्ट्यावरून उठून उभे राहिले. मी लाथेची वाट बघत होतो. खरं सांगू, मला ती हवी होती.

त्यानं चपला बाहेर काढल्या. आत आला. माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं, हिरवा दिवा बघितला. मान न वळवता विचारलं, "आप्पा, त्या दिशी हे चालू होतं?"

आप्पा उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "चालू होतं रं. दिवा लागल्याला. मी सोता बघितला."

रविराज खाली फरशीवर बसला. खिशातून फोन काढला आणि एक नंबर लावला. बोलणं माझ्यातून निघालं, टाकीवर चढलं, गावावरून उतरलं आणि साळूबाईच्या उशाशी ठेवलेल्या फोनमध्ये वाजलं. तो फोन कुणी हलवला नव्हता, राजनंदिनी तिथंच चार्ज करायची. वाजत राहिला. मग राजनंदिनीनं घाबरत उचलला. "कोण?"

"मीच हाय."

"आवं, हितनंच फोन? काय झालं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "लागतोय का बघितलं."

त्यानं फोन ठेवला. आप्पांनी पदर असता तर तोंडाला लावला असता, तशी सदऱ्याची बाही लावली. रविराज उठला, चपला घालून निघून गेला. माझ्या आयुष्यात माझ्यातून एवढं स्वच्छ बोलणं कधी गेलं नव्हतं. एकही शब्द तुटला नाही.

आता पुन्हा नवमी जवळ आली आहे. साहेबांचा माणूस येऊन गेला, यंदा शेजारच्या वाडीतही असंच नेटवर्क करायचं घाटतंय आणि त्या आधी माझी मोठी पूजा करून फोटो काढायचे म्हणतोय. कट्ट्यावरून आप्पा त्याला काहीच बोलले नाहीत.

म्हणून मी बोलतोय. मला हार घालू नका. कुंकू लावू नका. कपाळावरचं आहे ते पुसा. तुम्हाला मला काही वाहायचंच असेल तर एक पडदा वाहा. जुना चालेल, चरा पडलेला चालेल, कुणाच्या माळ्यावरचा चालेल. तो माझ्यापुढं ठेवा आणि माझा दिवा हिरवा असला तरी अधूनमधून त्याच्याकडं बघा. मी तिथं काय म्हणतोय ते वाचा.

आणि कोंडीबा आप्पांना कुणीतरी आत बोलवा. माझी हाक त्यांना ऐकू जात नाही.